पिशवी काढण्याआधी एक चाचणी

"पिशवीला सूज आहे, तोंडावर जखम आहे. आत्ता काढली नाही तर पुढं कॅन्सर होईल." बीडच्या धारूर-वडवणी-केज पट्ट्यात ऊस तोडायला जाणाऱ्या घरांमध्ये हे निदान न ऐकलेली बाई शोधावी लागेल. २०१९ साली या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली, तेव्हा विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागं एक.

त्यानंतर बरंच लिहिलं गेलं ते मुकादम, त्याने दिलेली आगाऊ उचल आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, यांबद्दल. ते खरंच आहे. पाळीत एक दिवस बुडाला तरी पाचशे-हजारांचा खाडा पडतो, फडावर ना संडास ना आडोसा, मग 'एकदाची कटकट जाऊ दे' म्हणून बाईच डॉक्टरला सांगते, काढा. पण बाईला भीती घातली गेली होती ती कॅन्सरची, आणि नेमका तोच मुद्दा चर्चेत मागं राहिला. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर हा आपल्या भागातला खरा धोका आहे. देशात दरवर्षी सव्वा लाखाहून जास्त बायकांना तो होतो आणि ८० हजारांच्या आसपास दगावतात. म्हणजे भीती खोटी नाही. तिच्यावर दिलेला उतारा चुकीचा आहे, आणि योग्य उतारा मराठवाड्याच्याच मातीत वीस वर्षांपूर्वी तपासून झालेला आहे.

आधी रोगाचं कारण बघू. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ प्रत्येक वेळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी चिकटतोच. त्याचा चारित्र्याशी संबंध जोडायचं काही कारण नाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडून बसतो. त्याच्या अनेक जातींपैकी १६ आणि १८ क्रमांकाच्या दोन जाती मिळून सुमारे ७० टक्के कॅन्सरला कारण ठरतात. ठाण मांडल्यावर पेशी बदलायला लागतात, आणि त्या बदलापासून खऱ्या कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहा ते पंधरा वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या बाईत हा प्रवास लवकर होतो, आणि तंबाखू, मिसरी लावणाऱ्या बाईत धोका वाढतो. ही दहा वर्षं म्हणजे आपल्या हातातला वेळ. एवढ्या काळात एकदा जरी विषाणू पकडला, तरी कॅन्सर होण्याआधीच बदललेल्या पेशींचा डाग जाळून टाकता येतो.

आता सोनोग्राफीकडे वळू, कारण भीतीचा कागद तिथूनच निघतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत कॅन्सरपूर्व बदल दिसत नाहीत. ते पिशवीच्या तोंडावरच्या पातळ पापुद्र्यात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे असतात. रिपोर्टवरचं 'बल्की युटेरस' म्हणजे पिशवी थोडी मोठी आहे, एवढंच. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी मोठी असणारच. 'तोंडाला जखम' म्हणून जी दाखवतात ती बहुतेक वेळा जखम नसतेच. आतली लालसर त्वचा बाहेरच्या बाजूला आलेली असते, आणि तरुण, लेकुरवाळ्या बायकांत ते सर्रास आढळतं. पांढरं जाणं हे दह्यासारखं आणि खाजेचं असेल तर बुरशीचा संसर्ग, माशासारखा वास येत असेल तर जंतूंचा. दोन्हींवर काही दिवसांच्या गोळ्या पुरतात. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणं, सडक्या वासाचं रक्तमिश्रित पाणी जाणं ही मात्र वेगळी गोष्ट. यातलं एक जरी असलं तरी त्याच आठवड्यात आतून तपासणी हवी, आणि संशय आला तर तुकडा काढून तपासायला पाठवणं हवं. तेव्हाही ऑपरेशनची घाई करायची नसते. त्याचं कारण पुढं येईल.

आता त्या वीस वर्षांपूर्वीच्या कामाकडे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण तिथली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून आपल्या भूम आणि परंडा तालुक्यांतल्या गावांचीही नोंद ठेवते. या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मिळून १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (तोंडावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीप्रमाणे, म्हणजे माहिती देण्यापलीकडे काही नाही. प्रत्येकीची तपासणी एकदाच. नंतर आठ वर्षं नजर ठेवली. २००९ मध्ये निकाल आला: काहीच न केलेल्या ३१,४८८ बायकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६४ मृत्यू, आणि एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायकांत ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं यावर नंतर नैतिकतेचे प्रश्न उभे राहिले, आणि माझ्या मते ते रास्त होते. पण म्हणूनच अधिक टोचतं ते हे, की भूम-कळंब-तुळजापूरच्या बायकांच्या जिवावर जे ज्ञान उभं राहिलं त्यावर जगभरचे नियम लिहिले गेले. २०२१ च्या नियमावलीत जागतिक आरोग्य संघटनेने तिशीनंतर एचपीव्ही चाचणी, दर पाच ते दहा वर्षांनी, हीच पहिली पसंती ठरवली. आणि त्याच बायकांच्या शेजारच्या जिल्ह्यात कॅन्सरच्या नावाखाली पिशव्या निघत राहिल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत.

सरकारी कार्यक्रमात आज ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी सांगितली आहे. ती स्वस्त आहे, नर्स करू शकते, निकाल लगेच मिळतो, त्यामुळे तिची बाजू घेणारे म्हणतात की एचपीव्हीची वाट कशाला बघायची. मुंबईच्या वस्त्यांमध्ये याच पद्धतीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हेही खरं. पण तिथे तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या होत्या, आणि तपासणाऱ्या बायकांवर सतत देखरेख होती. आपल्याकडचं चित्र काय? कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या आसपास बाहेर पडतो तो उन्हाळा लागल्यावर परततो. आज धारूरमध्ये असलेली बाई पुढच्या फेरीला कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या फडात. चार वेळा तिला गाठणं होणार नाही. जी चाचणी एकदा झाली तरी वर्षानुवर्षं पुरते, तीच अशा बाईच्या कामाची. स्थलांतर हा एचपीव्ही चाचणीच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद आहे आणि तो आरोग्य खात्याच्या कागदांत क्वचितच दिसतो.

व्हिनेगरच्या तपासणीत बिघडतं काय, तेही सांगायला हवं. त्यासाठी ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लागतं: ५ मिली तीव्र ॲसिड आणि ९५ मिली पाणी, त्याच दिवशी कालवलेलं. शिबिरात कालचं उरलेलं वापरलं की पांढरा डाग उमटत नाही. पाणी घालायचं राहिलं तर बाई भाजते. बोळा लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं असतं. बाहेर पन्नास जणींची रांग असताना ते मिनिट वीस सेकंदांचं होतं. शिवाय पाळी गेलेल्या बाईत तपासायची जागा आत सरकलेली असते, ती डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे धोक्याच्या वयातल्या बाईलाच ही पद्धत कमी पडते.

एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. आशाताईंनी पाकीट द्यायचं, घरातल्या मोरीत आडोशाला जाऊन मऊ ब्रश योनीमार्गात अडेपर्यंत आत घालायचा, पाकिटावर सांगितलं असेल तितके वेढे फिरवायचा आणि कुठेही न टेकवता द्रवाच्या बाटलीत बुडवून झाकण लावायचं. पाळी चालू असताना नको, गरोदरपणात नको, आणि आधीचे दोन दिवस आत औषधाची गोळी ठेवलेली नको. पीसीआर पद्धतीच्या चाचणीत असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. टेबलावर झोपून पुरुष डॉक्टरपुढे तपासून घ्यायची लाज, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा अडसर यात आपोआप निघतो. यंत्राचं म्हणाल तर क्षयरोग तपासणीसाठी सरकारी केंद्रांत आणलेल्या ट्रूनॅट यंत्रावर एचपीव्हीची चिपसुद्धा चालते. नवी इमारत बांधायची नाही. चिपचा पुरवठा आणि तंत्रज्ञाचे तास वाढवायचे आहेत.

आकडा मांडून बघा. दोन हजार वस्तीच्या गावात ३० ते ६५ वयाच्या ढोबळमानाने चारशे बायका. उस्मानाबादच्या चाचणीत शंभरातल्या दहा जणींत विषाणू सापडला होता. म्हणजे गावात चाळीस जणींना पुढच्या तपासणीसाठी बोलवायचं, उरलेल्या ३६० जणींना निदान पाच वर्षं निर्धास्त राहा म्हणून सांगायचं. या चाळीस जणींची आतून नीट पाहणी झाली की ज्यांचा डाग लहान आहे, तोंडाच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी भागावर आहे आणि आतल्या नळीत शिरलेला नाही, त्यांच्यावर तिथल्या तिथे उपचार होतो. बॅटरीवर चालणारं हातात मावेल असं यंत्र असतं, त्याचं बोथट टोक १०० अंशांपर्यंत तापतं आणि डागावर वीस ते तीस सेकंद टेकवतात, गरजेप्रमाणे दोन-तीनदा. भूल लागत नाही, टाके नाहीत, पाळीसारखी कळ येते. डाग मोठा किंवा आत गेलेला असेल तर तापलेल्या तारेच्या फाशाने तेवढा भाग काढून तपासायला पाठवतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. पिशवी दोन्हींत जागेवर राहते.

यात वेळापत्रक फार महत्त्वाचं आहे. जाळल्यानंतर दोन-तीन आठवडे पाण्यासारखं जातं आणि महिनाभर संबंध टाळायचे असतात. दसऱ्याच्या तोंडावर शिबिर घेतलं आणि आठ दिवसांत टोळी ट्रकमध्ये बसली, तर फडावर धुवायला पाणी नाही, कोपीवर, म्हणजे फडावरच्या खोपटात, नवऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, जंतुसंसर्ग ठरलेला. म्हणून नमुने जूनमध्ये, पेरणीच्या आगेमागे घ्यायचे, निकाल जुलैत आणि उपचार पोळ्याच्या आत संपवायचे. वर्षभरानंतरची फेरतपासणी पुन्हा त्याच हंगामात बसते. कॅन्सर दिन फेब्रुवारीत येतो म्हणून फेब्रुवारीत शिबिर लावणाऱ्यांनी ऊसतोडीच्या गावात तेव्हा घरी कोण असतं ते एकदा जाऊन बघावं. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

हिंगोलीत २०२५ साली जे झालं त्यातूनही शिकण्यासारखं आहे. संजीवनी अभियानात जिल्ह्यातल्या सुमारे २ लाख ९३ हजार बायकांना प्रश्न विचारून माहिती गोळा केली गेली आणि साडेचौदा हजार जणींमध्ये संशयित लक्षणं आढळल्याचं विधानसभेत सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी मथळे झाले ते 'हिंगोलीत १४ हजार महिलांना कॅन्सर' या थाटाचे. प्रत्यक्ष निदान पक्कं झालेले रुग्ण तेव्हा बोटांवर मोजण्याएवढे होते. घरोघरी जाऊन विचारपूस करणं वाईट नाही. पण 'पांढरं जातं का, कंबर दुखते का' या प्रश्नांना आपल्याकडे निम्म्या बायका हो म्हणतील. लक्षणं विचारून कॅन्सरपूर्व डाग सापडत नाही, कारण त्याला लक्षणंच नसतात. आणि असे मथळे वाचून घाबरलेली बाई थेट तालुक्याच्या दवाखान्यात पिशवी काढायला जाते.

'पॉझिटिव्ह' या शब्दाचंही तसंच. गावात पॉझिटिव्ह म्हणजे एचआयव्ही, नाहीतर कोरोना. निकाल सांगताना 'विषाणू सापडलाय, कॅन्सर नाही. आतून एकदा बघून घ्यायचंय' हे शब्द पाठ करून घ्यायला हवेत. आणि ते बाईला एकटीला सांगायचे, सासूसमोर नव्हे.

पिशवी काढणं कधीच योग्य नसतं, असं कुणी म्हणत नाही. मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, तपासून पक्का झालेला विशिष्ट टप्प्यातला कॅन्सर, ही खरी कारणं आहेत. तालुक्यातला प्रत्येक डॉक्टर लुबाडणारा आहे असंही नाही. 'ही बाई पुन्हा येणार नाही, आत्ताच काय ते करून टाकू' हा विचार अनेकांच्या मनात प्रामाणिकपणे असतो. पण न तपासता केलेल्या ऑपरेशनचे दोन मोठे तोटे आहेत. पहिला हा, की आत खरंच कॅन्सर दडलेला असेल तर साध्या पद्धतीने काढलेली पिशवी पुरेशी ठरत नाही. त्यासाठी आजूबाजूचं आवरण आणि गाठी यांच्यासकट मोठं ऑपरेशन लागतं, किंवा ऑपरेशन न करता थेट किरणोपचार. अर्धवट ऑपरेशननंतर आलेल्या बाईचा उपचार अवघड होतो आणि बरं होण्याची शक्यता घटते. दुसरा तोटा अंडाशयांचा. पिशवीबरोबर तीही काढली तर तिशी-पस्तिशीत पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात: अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला ठिसूळ हाडं म्हणजे काय, ते सांगायला नको.

म्हणून सही करण्याआधी विचारायचं: पिशवीच्या तोंडाची एचपीव्ही किंवा पॅप तपासणी झाली का, कागद कुठे आहे? रक्त जास्त जातंय तर गोळ्या, लोहाची इंजेक्शनं, हार्मोनची तांबी हे करून बघितलं का? अंडाशयं ठेवणार की काढणार? काढलेला भाग तपासायला पाठवणार का? आणि ज्यांची पिशवी आधीच निघाली आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड आणि तपासणीचा रिपोर्ट जपून ठेवावा. कुठे तोंडाचा भाग आतच ठेवलेला असतो, आणि तसं असेल तर तपासणीची गरज संपलेली नसते.

कॅन्सर पक्का झालाच, तर उपचार आहे. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात ऑपरेशनने भागतं. आपल्याकडे बायका येतात त्या बहुतेक पुढच्या टप्प्यात, आणि तेव्हा मुख्य उपचार किरणांचा: आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे, पंचवीस बैठका, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन, आणि शेवटी आतून द्यायच्या किरणांच्या काही बैठका. हे सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. लांबलं की रोगाला उसंत मिळते. घोटाळा होतो तो तिसऱ्या आठवड्यात. रक्त जायचं थांबतं, बाईला वाटतं बरं झालं, घरी जनावरं, लेकरं, ती निघून जाते. आतून द्यायचे किरण राहून गेले तर आधीची सगळी मेहनत अर्धी वाया जाते. म्हणून ती सोय जिथे आहे तिथेच उपचार सुरू करावेत, आणि पहिल्याच दिवशी हे विचारून घ्यावं. हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवावं, रक्त कमी असताना किरणांचा परिणाम कमी होतो. सिस्प्लॅटिनआधी मूत्रपिंडाची तपासणी हवीच, कारण वाढलेली गाठ लघवीचा मार्ग दाबते.

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय झाल्यापासून मुंबईची वारी बरीच टळली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात किरणोपचार, केमो बसतात. अडतं ते राहण्यापाशी. देगलूरहून संभाजीनगर तीनशे किलोमीटरहून जास्त. योजना बैठकीचे पैसे भरते, पण दोन महिने बाई आणि सोबतीण कुठं राहतील, काय खातील, याचा खर्च घरच्यांच्याच माथी. उपचार अर्ध्यावर सुटण्याचं एक मोठं कारण तिथे आहे, आणि एखाद्या नव्या यंत्राच्या उद्घाटनापेक्षा शंभर खाटांची धर्मशाळा अधिक जीव वाचवील, असं मला वाटतं.

पुढच्या पिढीसाठी लस आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती सर्वांत जास्त लागू पडते, आणि एकच डोस पुरतो हे दाखवणाऱ्या भारतीय अभ्यासातही बार्शी एक केंद्र होतं. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली. ती संसर्गाआधी द्यावी लागते. परभणी आणि बीडमध्ये अठराच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचं प्रमाण राष्ट्रीय पाहणीत चाळीस टक्क्यांच्या वर निघालं आहे. तेव्हा इथे 'दहावीनंतर बघू' म्हणणं म्हणजे उशीर. लस मिळालेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायची आहेच.

२०१९ नंतर बीड जिल्ह्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रियांवर देखरेखीची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं. मग त्या परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवायला हरकत नसावी: 'एचपीव्ही चाचणीचा दिनांक आणि निकाल, प्रत जोडावी.' तातडीचा रक्तस्राव सोडला, तर तो रकाना रिकामा असलेला अर्ज परत पाठवायचा. आणि परत पाठवलेल्या बाईला त्याच दिवशी, त्याच रुग्णालयात, ब्रश आणि बाटलीचं पाकीट फुकट मिळालं पाहिजे.